एसीएल फाटलेला शाळकरी खेळाडू : नऊ महिने घरच्यांनी नेमकं काय करायचं?

पाचवी_चढाई

कबड्डी, खो-खो, फुटबॉल, हँडबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वयाच्या मुलामुलींच्या गुडघ्याबद्दल हा धागा काढतोय. चढाई करून मध्यरेषेकडे वळताना पाय मॅटवर रुततो, अंग फिरतं, गुडघा आत झुकतो आणि आतून 'टक्क' असं काहीतरी होतं. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. मग एमआरआयमध्ये कळतं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध, फाटलाय, आणि घरात एकच चर्चा सुरू होते : ऑपरेशन कुठे, कुणाकडे, किती खर्च.

माझं मत स्पष्ट लिहितो. टेबलावरचे दीड-दोन तास महत्त्वाचे आहेतच, पण मूल पुन्हा नीट खेळणार की नाही हे ठरतं पुढच्या नऊ महिन्यांत. आणि त्यातला बराचसा काळ फिजिओसमोर जात नाही, घरातल्या पलंगावर आणि फरशीवर जातो. त्या काळात आई-बाबांनी आणि प्रशिक्षकांनी काय करायचं, काय टाळायचं, हे मराठीत एकत्र लिहिलेलं मला कुठे सापडत नाही.

एक विनंती. 'आमच्याकडे असं झालं' या कहाण्यांपेक्षा कृती, मापं आणि कुठे चुकतं ते लिहा, म्हणजे धागा वेळेला उघडून वापरता येईल.

अस्थिचिंतन

चांगला विषय. ऑपरेशनच्या आधीपासून सुरुवात करतो, कारण पहिली चूक तिथेच होते.

'फाटलंय ना, मग उद्याच करून टाका' ही घाई नको. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो कायमचा ताठ राहायचा धोका वाढतो. आधी सूज उतरू द्यायची, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्यायचा आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा. याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. याला अपवाद अडकलेल्या गुडघ्याचा. मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीचा, फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल तर थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट वयाची. या वयात मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची पट्टी असते, तिथूनच हाड लांब होतं. मुलींमध्ये ती साधारण चौदाच्या आसपास आणि मुलांमध्ये सोळाच्या आसपास बंद होते, पण मुलागणिक फरक पडतो. म्हणून डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. पट्टी उघडी असेल तर हाडात बोगदे कुठून पाडायचे आणि कोणता ग्राफ्ट (नवा बंध म्हणून बसवायला शरीरातूनच घेतलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घ्यायचा हे सगळं बदलतं. अशा वेळी वाटीखालच्या कंडरेचा हाडासकट घेतलेला ग्राफ्ट टाळतात, कारण ते हाड पट्टीत बसलं तर पाय वाकडा वाढू शकतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या :
वाढ किती शिल्लक आहे? ग्राफ्ट कोणता आणि का? मेनिस्कस शिवावा लागेल का, आणि शिवला तर पायावर भार कधी द्यायचा? पाय सारखे आणि सरळ वाढतायत ना, हे ऑपरेशननंतर कसं आणि कधी तपासणार?

बोरकूट

ऑपरेशन न करता नाही का बरं होत? आमच्या भागात लेप लावून, मालीश करून गुडघे बसवणारे आहेत. लोक जातात.

अस्थिचिंतन

@बोरकूट, प्रश्न रास्त आहे. बाजूचे बंध बऱ्याचदा आपोआप जुळतात. एसीएल मात्र सांध्याच्या आत, सांध्यातल्या द्रवात असतो. पूर्ण फाटल्यावर टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे पूर्वीसारखा घट्ट जुळून येईल यावर विसंबता येत नाही. पोहणं, सायकल, सरळ धावणं एवढ्यावर समाधान असेल तर भरपूर व्यायामाने ऑपरेशनशिवाय चालवणारी प्रौढ माणसं आहेत. पण वळणाचे खेळ खेळणाऱ्या किशोरवयीन मुलाने सैल गुडघ्याने खेळत राहायचं म्हणजे प्रत्येक वेळी गुडघा निसटताना मेनिस्कस आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासत जाणार. बंध नवा बसवता येतो, कूर्चा येत नाही.

मालीशबद्दल : पहिल्या आठवड्यात सांध्यात रक्त असतं. तेव्हा चोळणं, गरम शेक आणि 'झटका देऊन बसवणं' या तिन्हींनी ते वाढतं. आंबेहळदीचा थंड लेप वरून लावला तर बिघडत नाही, फायदाही विशेष नाही. ऑपरेशननंतर मात्र टाक्यांच्या जवळपास कुठलाही लेप, तेल, भुकटी नको.

फिजिओ_मिरज

पहिल्या दोन आठवड्यांवर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे प्रेमापोटी होतं.

मूल दुखतंय म्हणतं, आई गुडघ्याखाली उशी सरकवते. गुडघा थोडा वाकलेला राहिला की बरं वाटतं, झोप लागते. आणि तीन आठवड्यांनी गुडघा पाच अंश कमी सरळ होतो. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्याने चाल लंगडी होते, मांडीचा स्नायू पूर्ण आवळत नाही आणि वाटीमागे दुखायला लागतं. कधी कधी सांध्याच्या पुढच्या भागात व्रणाची गाठ तयार होऊन गुडघा सरळ व्हायचा थांबतो, ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

म्हणून उशी टाचेखाली. गुडघ्याखाली कधीच नाही.

टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, इतका उंच की पोटरी आणि गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकणार नाही. पाय तसाच सैल सोडून १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मोबाईल बघायला याच वेळात परवानगी द्या, मुलं स्वतःहून करतात. :)

त्याच स्थितीत मांडी आवळायची : वाटी मांडीकडे वर सरकली पाहिजे. ५ सेकंद आवळून सोडायचं, १० वेळा, दर जाग्या तासाला. सुरुवातीला स्नायू ऐकतच नाही. मूल जोर लावतं आणि त्याऐवजी नितंब आवळतं किंवा पूर्ण पाय गादीत दाबतं. तेव्हा मांडीच्या पुढे, वाटीच्या चार बोटं वर आपला हात ठेवायचा आणि 'इथे, माझ्या हाताखाली' असं सांगायचं. हात ठेवल्याने बराच फरक पडतो. आठवडाभरातही जमलं नाही तर फिजिओ यंत्राने स्नायूला विजेची उत्तेजना देतात, ती लवकर सुरू करून घ्या.

मग सरळ पाय उचलायचा. उचलताना गुडघा किंचितही वाकत असेल, म्हणजे टाच आधी मागे राहत असेल, तर कुबड्या सोडायची वेळ आलेली नाही.

उद्दिष्टं साधारण अशी : दोन आठवड्यांत पूर्ण सरळ आणि ९० अंश वाकणं, सहा आठवड्यांत १२० च्या आसपास. मेनिस्कस शिवला असेल तर हे सगळं सर्जनच्या सूचनेप्रमाणे हळू. सहसा ४ ते ६ आठवडे भार कमी आणि ९० च्या पुढे वाकवणं बंद असतं.

मोगरा_१२

फिजिओताई, कुबड्यांचं आणि जिन्याचं पण सांगा ना. दवाखान्यातून हातात देतात आणि 'चालव' म्हणतात.

फिजिओ_मिरज

हो. काखेतली कुबडी असेल तर वरची गादी आणि काख यात दोन-तीन बोटांची फट हवी. वजन तळव्यांवर, काखेवर नाही. काखेवर टेकलं तर हाताला मुंग्या येतात, कारण तिथली नस दाबली जाते. मूठ धरताना कोपर थोडं वाकलेलं हवं.

जिना : चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. घरातलं मोठं माणूस चढताना मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली.

आंघोळ प्लास्टिकच्या पक्क्या खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर. फरशीवर साबणाचं पाणी नको. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड-खुर्ची ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा, बऱ्याच वैद्यकीय दुकानांत भाड्याने मिळते. मांडी घालून जेवायला बसणं आणि उकिडवं बसणं हे शेवटी शेवटी परत येतं. मेनिस्कस शिवला असेल तर खोल उकिडवं चार-सहा महिने विसरा.

आडवाटेचा

धोक्याच्या खुणा कोणीतरी एका ठिकाणी लिहा. रात्री दोन वाजता घाबरायचं कशाला आणि कशाला नाही?

अस्थिचिंतन

लगेच फोन करायचा तो यासाठी : ताप आणि त्याबरोबर गुडघा वाढत्या प्रमाणात गरम, लाल, दुखरा होणं. जखमेतून पाणी किंवा पू. पोटरीत एका जागी दुखणं आणि सूज. पावलं गार पडणं, बोटं हलवता न येणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालय.

घाबरू नये ते : नडगीच्या बाहेरच्या बाजूला एका पट्ट्यात बधिरपणा. छेद घेताना त्वचेची बारीक नस दुखावते. हा भाग हळूहळू कमी होतो, थोडा कायमही राहू शकतो, ताकदीवर परिणाम नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळेपणा पोटरीपर्यंत उतरणं, हेही चालतं, रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. फक्त पोटरी दाबल्यावर दुखत नाही ना ते बघा.

ऑपरेशनची पहिली रात्र : पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा असर मध्यरात्री ओसरतो आणि कळ एकदम येते. वेदनाशामक गोळी कळ यायच्या आधी, ठरलेल्या वेळी द्या.

मांडीच्या मागचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घेतला असेल तर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात मुलं पटकन पाय मागे घेतात, जमिनीवरचा बूट पायाने ओढतात, आणि मांडीमागे कळ येते. नवा बंध शाबूत असतो, जिथून कंडरा काढली ती जागा ताणली जाते. पाय मागे ओढण्याचा जोराचा व्यायाम सहा-आठ आठवडे नाही.

कडधान्य

खाण्यावर कोणीच बोललं नाही. मांडीचा स्नायू दोन आठवड्यांत डोळ्यांदेखत बारीक होतो आणि घरात म्हणतात, 'आता खेळत नाही, तर कमी खा, जाडी वाढेल.' हे उलट आहे. बरं होताना प्रथिनं जास्त लागतात : वजनाच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम. ५० किलोच्या मुलीला ८० ते १०० ग्रॅम.

हिशोब घरच्या पदार्थांत :
अंडं एक, ६ ग्रॅम. पनीर १०० ग्रॅम, साधारण १८. कोंबडी शिजवलेली १०० ग्रॅम, २५ च्या वर. दूध मोठा पेला, ८. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम, २५ च्या आसपास. शेंगदाणे मूठभर ३० ग्रॅम, ७ ते ८. घट्ट वरणाची किंवा मटकीच्या उसळीची वाटी, ७ ते ८.

म्हणजे वरण-भात-भाजीवर ८० होत नाहीत. सकाळच्या नाश्त्यात पोह्याबरोबर दोन अंडी किंवा दही-शेंगदाणे, आणि झोपताना दूध, एवढा बदल केला तरी बराच फरक पडतो. एका वेळी सगळं खाण्यापेक्षा चार वेळा २०-२५ ग्रॅम चांगलं.

मुलींच्या बाबतीत अजून एक. पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळाडू आहे, होतं असं' म्हणून सोडू नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि तशा शरीरात हाड आणि स्नायू दोन्ही भरत नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व ऑपरेशनच्या रक्ततपासणीबरोबरच करून घ्या.

खांबाजवळ

सगळं पटलं, पण नऊ महिने जरा अतीच वाटतात. स्मृती मानधना आपल्या सांगलीची. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना तिचा गुडघा गेला आणि जूनमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ९०, पुढच्याच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. पाच महिने! मग आमच्या खो-खोच्या पोरींना वर्ष का घालवायला लावायचं? चौदा वर्षांखालचा गट वर्षात निघून जातो, निवडचाचणी एकदाच असते.

अस्थिचिंतन

तिचं उदाहरण प्रेरणेसाठी उत्तम, वेळापत्रकासाठी नाही. ती तेव्हा वीस वर्षांची, वाढ पूर्ण झालेली, पूर्ण वेळ व्यायामतज्ज्ञांच्या हाताखाली. फलंदाजीत वळणं आहेत, पण कुणी घोटा धरून ओढत नाही. खो-खोत खांबाला वळसा घालताना एका पायावर पूर्ण वेगाचं वळण दर पाळीत पुन्हा पुन्हा येतं.

आकड्यांत सांगतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ओस्लो अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटलं. त्याच वर्षीच्या एका एकत्रित विश्लेषणात पंचविशीच्या आतल्या, पुन्हा खेळायला लागलेल्या खेळाडूंपैकी जवळपास २३ टक्क्यांना दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत झाली. त्याच पायात किंवा दुसऱ्या. जवळजवळ चारात एक.

कारण शरीराचं आहे. बसवलेली कंडरा आधी मरते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात. साधारण सहा ते बारा आठवड्यांत ती सर्वात दुबळी असते, आणि नेमकं तेव्हाच गुडघा दुखायचा थांबतो. मूल म्हणतं 'मी बरी झाले', आई-बाबांना पटतं, प्रशिक्षकांना तर हवंच असतं.

पाचवी_चढाई

@खांबाजवळ, निवडचाचणीचा मुद्दा खरा आहे, आणि तो मुलाच्या मनात चोवीस तास असतो. पण नवा बसवलेला बंध एका चाचणीसाठी पणाला लावला तर पुढच्या दोन चाचण्याही जातात. परीक्षेतल्या वाढीव क्रीडागुणांची काळजी असेल तर जुनी प्रमाणपत्रं नीट जपा आणि चालू परिपत्रक शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून वाचून घ्या.

खांबाजवळ

मान्य. मग 'नऊ महिने झाले, जा खेळ' हेही तितकंच चूक ना? कॅलेंडर बघून कुणाचा स्नायू भरत नाही.

फिजिओ_मिरज

अगदी हेच. नऊ महिने ही किमान अट आहे. त्याबरोबर चाचण्याही पार व्हायला हव्यात, दोन्ही पाहिजे.

घरी करता येण्यासारख्या तीन तपासण्या देते.

एक, सूज. मूल पाय सरळ करून झोपलेलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा खळगा खालून वर तीन-चार वेळा तळहाताने पुसत न्यायचा, म्हणजे पाणी वर सरकतं. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा पुसायचं आणि आतल्या खळग्यात पाण्याची छोटी लाट येते का बघायचं. लाट दिसली, म्हणजे पाणी आहे. रोज सकाळी, व्यायामाच्या आधी. आदल्या दिवसापेक्षा जास्त दिसलं तर आजचा व्यायाम कालच्यापेक्षा कमी. वेदना दहापैकी तीनपर्यंत चालेल आणि दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली नको, एवढा एक नियम घरात लिहून ठेवा.

दोन, सरळपणा. पालथं झोपवा, मांड्या पलंगावर, गुडघ्यापासून खाली पाय कडेबाहेर मोकळे. दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. बारा आठवडे झाले आणि फरक दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त, तर लगेच दाखवा.

तीन, ताकद. हिच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे आणि हीच सगळ्यात कमी मोजली जाते. मांडीचा घेर टेपने मोजून ताकद कळत नाही.

न्यू_जर्सीची_काकू

इथे मुलींच्या सॉकरमुळे हा विषय फार मोठा आहे. सारख्याच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा दोन ते आठ पट जास्त होते. इथल्या केंद्रांत ताकद मोजायला मोठं यंत्र असतं, पण आता बरेच जण साधा लटकवायचा डिजिटल काटा वापरतात. पट्टा, काटा, मजबूत टेबल, बास.

शिवाय दुसऱ्या पायाची दुखापत टाळायची असेल तर सरावाआधी फिफाचं ११+ वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा. धावणं, मग ताकद-उड्या-तोल, मग पुन्हा धावणं, असे तीन भाग, सगळे मिळून वीस मिनिटं. संपूर्ण संघाने करायचं. दुखापत झालेल्या एकट्या मुलीला कोपऱ्यात उभं करून नाही.

बोरकूट

लटकवायचा काटा म्हणजे बाजारात पोतं तोलतात तो?

फिजिओ_मिरज

तोच, किंवा विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा. बॅगेचा काटा साधारण ५० किलोपर्यंत मोजतो, ५० किलोच्या मुलीला चालतो. दणकट मुलांना कमी पडेल, तिथे पोत्याचाच घ्या. काकूंनी छान आठवण करून दिली.

मांडणी अशी : मूल उंच, न सरकणाऱ्या टेबलावर, पावलं जमिनीला न टेकता, गुडघा ९० अंशांत. घोट्याच्या हाडांच्या दोन बोटं वर रुंद, मऊ पट्टा. जुन्या दप्तराचा पट्टा टॉवेलवरून चालतो, सुतळी नको, ती कापते. पट्ट्याला काटा, काट्याचं दुसरं टोक टेबलाच्या मागच्या पायाला, दोर सरळ मागे आणि जमिनीला समांतर. मुलाने टेबलाची कड धरून पाय पुढे ढकलायचा, हळूहळू जोर वाढवत ५ सेकंद. कंबर उचलायची नाही, मागे रेलायचं नाही. तीन वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा.

चांगला पाय ३६ किलो आणि ऑपरेशनचा २९, म्हणजे ८० टक्के. ७० टक्क्यांच्या खाली किंवा सूज असताना धावणं नाही. सगळं ठीक असेल तर सरळ धावणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं. ९० टक्क्यांच्या खाली खेळ नाही.

ही चाचणी तिसऱ्या महिन्यानंतर, सर्जन-फिजिओच्या परवानगीनेच. गुडघा ९० अंशांतच ठेवायचा. तिथून सरळ करत नेला तर नव्या बंधावर ताण येतो.

आडवाटेचा

यात एक गोम आहे. नऊ महिने बसून चांगला पायही दुबळा होतो. दुबळ्याची दुबळ्याशी तुलना करून ९० टक्के आले तर समाधान कसलं?

फिजिओ_मिरज

बरोबर पकडलंत. म्हणून शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी चांगल्या पायाचा आकडा घेऊन वहीत लिहायचा आणि शेवटी त्याच्याशी तुलना करायची. आणि व्यायाम दोन्ही पायांना.

उड्यांच्या चाचण्या वेगळ्या : एका पायावर एक लांब उडी, सलग तीन, रेषेवरून आडव्या तीन आणि सहा मीटर अंतर लंगडी घालत कमीत कमी वेळात. अंतर आणि वेळेत दोन्ही पाय ९० टक्क्यांच्या वर सारखे हवेत. पण नुसतं अंतर बघू नका, मोबाईलवर समोरून चित्रण करा. उतरताना गुडघा आत कोसळतो का, मूल ताठ पायावर धपकन येतं का. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणि उतरणं जवळपास निःशब्द हवं.

बोरकूट

आणि नी-कॅप? मैदानात अर्ध्या पोरांच्या गुडघ्यावर असते.

अस्थिचिंतन

कापडी नी-कॅप ऊब देते, गुडघ्याची जाणीव देते. वळणातला पीळ ती रोखत नाही. बिजागरीचा पट्टा सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः मेनिस्कस शिवल्यावर लावतात. नंतर खेळताना लावल्याने पुन्हा फाटणं टळतं असं म्हणता येत नाही. त्या भरवशावर लवकर उतरवणं हा खरा धोका.

पाचवी_चढाई

कबड्डीत परत उतरवण्याच्या पायऱ्या मी मांडतो, खो-खोच्या @खांबाजवळ यांनी लिहाव्यात.

सरळ धावणं आणि थांबणं जमलं की आधी एकट्याने चढाईची पावलं, अर्ध्या वेगाने, फक्त पुढे-मागे. मग आडवं सरकणं. मग ठरवून वळणं, म्हणजे कुठे वळायचं हे आधीच माहीत. मग प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर वळणं, कारण न ठरवलेल्या वळणातच गुडघा जातो. त्यानंतर बोनससाठी पाय लांब टाकणं, तेही मागचा पाय रुतवून न ठेवता. त्यापुढे एकच बचावपटू, फक्त हात लावून सोडणारा. मग मांडीची पकड, सावकाश. घोट्याची पकड आणि बाजूने येणारा धक्का हे दोन्ही सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकत्र तर अगदीच शेवटी. प्रत्येक पायरीवर किमान आठवडा, दुसऱ्या सकाळी सूज नसेल तरच पुढची.

आणि हे स्वतंत्रपणे शिकवावं लागतं : घोटा पकडला गेला की रुतवलेल्या पायावर अंग फिरवून सुटायचं नाही. पाय सैल सोडून धरलेल्या बाजूला पडायचं आणि हात रेषेकडे. एक गुण गेला तर जाऊ द्या.

मैदानाकडेही बघा. मॅटच्या तुकड्यांमधली फट रुंद असेल तर बुटाचं टोक अडकतं. फटी टेपने बंद करून घ्या. नवे, जास्त चिकटणारे बूट पहिल्याच दिवशी सामन्यात नकोत.

खांबाजवळ

खो-खोचं : खांबाला वळसा आधी चालत, मग लंगडी चाल, मग धावत, आणि दोन्ही दिशांनी. एकाच बाजूने वळायची सवय असते, ती मोडायची. सूर मारणं सर्वात शेवटी. बसलेल्या चौकातून खो मिळताच उठणं हे खोल वाकण्यातून एकदम जोर लावणं आहे, ते मुलं क्षुल्लक समजतात. आधी स्टुलावरून, मग शाळेच्या पुस्तकांच्या ठोकळ्यावरून, उंची दर आठवड्याला एक पुस्तक कमी.

मोगरा_१२

पुस्तकांचा असाही उपयोग! गणिताचं सगळ्यात वर ठेवा. :)

एक मात्र राहिलं. मुलं आतून फार खचतात. संघाच्या व्हॉट्सॲप गटावर विजयाचे फोटो येतात आणि आपलं मूल उशीत तोंड खुपसून असतं. 'अभ्यास कर आता, बरं झालं खेळ सुटला' हे वाक्य कुठल्याही नातेवाइकाला बोलू देऊ नका.

संघाचा धागा तुटू देऊ नका. सरावाला न्या आणि काम द्या : गुणलेखन, चढायांचं चित्रण, विरुद्ध संघाचा कोपरारक्षक कुठल्या पायाने पुढे येतो याच्या नोंदी. नुसतं बाकावर बसवलं तर आणखी त्रास होतो. वर्गात कडेच्या बाकाची जागा मागा, पाय मोकळा लांब करता येईल अशी. परीक्षेला तळमजल्यावर बसवा असा अर्ज शाळेकडे वेळेत द्या.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, खाणं बंद, कुणाशी बोलणं नाही, तर मदत घ्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि मूल 'मला आता जगायचं नाही' असं काही बोललं, तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी.

फिजिओ_मिरज

+१. परतताना भीतीही मोजतात. एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, शून्य ते शंभर गुणांची. ताकद ९५ टक्के आणि इथले गुण कमी असतील तर मूल मैदानात बिचकतं आणि पाय चुकीचा टाकतं. 'घाबरतेस काय' म्हणण्याऐवजी पायऱ्यांपैकी एक मागे जायचं.

आडवाटेचा

खर्चाचं दोन ओळींत. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात ग्राफ्ट हाडात धरून ठेवणाऱ्या स्क्रू-बटणाचा, पट्ट्याचा आणि फिजिओचा खर्च वेगळा मागा. घरात पैसे ऑपरेशनवर संपतात आणि तिसऱ्या महिन्यात फिजिओ बंद होतो, नेमका नको तेव्हा. सहा महिन्यांच्या फिजिओचे पैसे आधी बाजूला काढा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना दाखल होण्याआधी विचारा.

पाचवी_चढाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. नऊ महिन्यांची एक वही करायची ठरवली, तर रोज काय लिहायचं आणि आठवड्याला काय?

फिजिओ_मिरज

रोज सकाळी तीन रकाने : लाट आहे की नाही, वेदना दहापैकी किती, काल काय केलं. आठवड्याला एकदा टाचांचा फरक आणि टाच नितंबापासून किती सेंटिमीटर लांब राहते. तिसऱ्या महिन्यानंतर दर चार आठवड्यांनी काट्याचा आकडा, दोन्ही पायांचा.

बोरकूट

ताई, काट्यावर आधी कुठला पाय घ्यायचा?

फिजिओ_मिरज

चांगला. मुलाला जोर कसा लावायचा ते कळतं आणि भीती जाते. आणि दर वेळी तेच टेबल, पट्टा घोट्यापासून तेवढ्याच उंचीवर. पट्टा दोन बोटं वर सरकला तरी आकडा बदलतो, म्हणून पहिल्याच दिवशी नडगीवर पेनाने खूण करून गुडघ्यापासूनचं अंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.